निवडणं

एकवीस वर्षं मी हेझलनट निवडते आहे
गिरेसुनच्या बंदरामागच्या कारखान्यात.
पट्टा सरकतो, हात चालतो:
किडका, चिरका, पोचट, बरा.
पोचट ओळखायला डोळे लागत नाहीत,
त्याच्या वजनातच खोट असते.

आणि डॉक्टर पेरिहान विचारतात,
गर्भाशय काढायचं, ते ठरलंच,
पण अंडाशयं?
तुमचं वय एकोणचाळीस, म्हणून विचारते.

गर्भाशयाबद्दल मला फारसं काही वाटलं नाही.
तीन वर्षं अंगावरून जातंय,
तीन वर्षं काळा झगा घालूनच पट्ट्याशी उभी.
लोहाच्या गोळ्या, मध, बिटाचा रस,
तरी गाठी वाढल्या. सोनोग्राफीवाल्यानं मापं सांगितली:
संत्रं, लिंबू,
आणि एक, जिला त्याला फळ सुचेना.

पण अंडाशय केवढं असतं?
बदामाएवढं, डॉक्टर म्हणाल्या,
मग माझं काम आठवून,
मोठ्या हेझलनटएवढं म्हणा.

दुरसुने मावशीचं चौतिसाव्या वर्षी सगळंच काढलं,
न विचारता.
त्या हिवाळ्यात ती पहाटे दारातल्या बर्फात
अनवाणी उभी राहायची,
पाठीतून वाफ निघायची.
लोक म्हणाले, वेड लागलं.
बावन्नाव्या वर्षी घसरली,
एकच पायरी,
खुबा मोडला.

हाजेरची ठेवली होती.
पाच वर्षांनी डावं बिघडलं,
कळेपर्यंत पोटात पाणी.
तिचा गुलाबी स्वेटर माझ्याकडे आहे,
अजून धुतलेला नाही.

माझं रक्त त्राब्झोनला पाठवलं.
उत्तर आलं: तो दोष तुमच्यात नाही.
हाजेरच्यात होता का,
ते कुणी तपासलंच नव्हतं.

इल्यास म्हणतो, तू म्हणशील तसं.
खूप प्रेमानं म्हणतो,
आणि त्याचा काही उपयोग होत नाही.
सासू म्हणते, टाक काढून, नसलेल्याला काय होणार?
शेजारची मुक्केरेम म्हणते, ठेव गं,
बाईचं बाईपण तिथंच असतं.
मला ते कधी एका जागी सापडलेलं नाही.

रात्री ओटीपोटावर हात ठेवून पडते.
पाळी जाईल. पण आत त्या दोघी
पाळी लावून कामावर येत राहतील,
या महिन्यात ही, पुढच्या महिन्यात ती,
आणि माल न्यायला ट्रक का येत नाही
ते त्यांना कुणी सांगणार नाही.
कारखाना बंद झालेला,
तरी मालकाच्या नकळत
हाडांना, काळजाला, झोपेला
थोडं थोडं पुरवत राहतील.
हे मला आवडलं.
कारण म्हणून पुरेसं आहे की नाही, माहीत नाही.

शुक्रवारी फॉर्म आला.
तिसरी ओळ आधी कुणी वाचून दाखवली नव्हती:
आत काही दिसल्यास काढण्याची परवानगी.
मी पेन खाली ठेवलं.
'काही' म्हणजे काय?
आमच्या पट्ट्यावर 'काही' चालत नाही.

डॉक्टरांनी खुर्ची ओढून घेतली,
औषधाच्या पाकिटामागे चित्रं काढली,
असं दिसलं तर हात लावणार नाही,
असं दिसलं तर काढावंच लागेल.
मी लिहिलं: ठेवा. दोन्ही.
खाली लिहिलं: दुसऱ्या चित्रासारखं असेल, तर काढा.

आणि दोन्हींच्या मधलं असलं तर? त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, संशयाचा दाणा आम्ही फेकत नाही,
खाऊही देत नाही कुणाला.
बाजूच्या टोपलीत ठेवतो,
संध्याकाळी चारजणी मिळून
उजेडाला धरून बघतो.

त्या हसल्या नाहीत.
ते शब्द तसेच फॉर्मवर लिहून घेतले.

मग मी सही केली.